छिद्रांनी सोडलेली जागा

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तेव्हा त्यांच्या सामग्रीत छिद्रे पाडण्याचे एक यंत्रही होते. त्या काळी कच्ची फिल्म छिद्रांवाचून येत असे. अंधारात बसून तिच्या दोन्ही कडांना छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतले. आपल्याकडील चित्रपटेतिहासात या कामाचा उल्लेख येतो तो सरस्वतीबाईंच्या कष्टांची साक्ष म्हणून, आणि ते रास्तच आहे. परंतु त्या छिद्रांनाही इतिहास आहे, आणि पडद्यावरील चित्राच्या आकाराशी त्याचा थेट संबंध आहे. चित्रचौकटीच्या सौंदर्याविषयी लिहिताना आपली समीक्षा या संबंधाकडे क्वचितच वळते.

हिशेब साधा आहे. एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन याने ईस्टमनची सुमारे ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म मधोमध चिरून ३५ मिलिमीटरची पट्टी केली. प्रत्येक चित्रासाठी दोन्ही कडांना चार-चार छिद्रे ठेवली. चार छिद्रांच्या अंतराने चित्राची उंची ठरली सुमारे १९ मिलिमीटर. छिद्रांच्या दोन रांगांमध्ये उरलेली रुंदी सुमारे २५ मिलिमीटर. एक इंच रुंद, पाऊण इंच उंच, म्हणजे ४:३. आधी चौकट ठरली की आधी छिद्रे, असा वाद घालता येईल; पण चित्राच्या वाट्याला आली ती दातेरी चाकाने सोडलेली जागा, हे खरेच. चार छिद्रे अपरिहार्य होती असेही नाही. ल्युमिएर बंधूंच्या पट्टीला प्रत्येक चित्रामागे दोन्ही बाजूंस एकेकच गोल छिद्र होते. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी जे खेळ झाले, ते ल्युमिएर यांचेच.

याहून नाट्यमय गोष्ट डिक्सनची स्वतःची. १८९५ मध्ये त्याने एडिसनची नोकरी सोडली आणि पुढे ‘बायोग्राफ’ म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीच्या उभारणीत भाग घेतला. एडिसनच्या पेटंटचा अडसर टाळायचा होता, म्हणून तिथे फिल्म घेतली ६८ मिलिमीटरची, आणि तीही छिद्रांवाचून. ती रुळांच्या घर्षणाने पुढे सरके. छिद्र पडे ते कॅमेऱ्यात, चित्रण होत असतानाच. चित्र कितीतरी मोठे, त्यामुळे अधिक स्पष्ट. ज्याने चार छिद्रांची पट्टी घडवली, त्यानेच तिच्यातून सुटण्याची वाटही काढली! एडिसनने १८९८ मध्ये खटला भरला आणि १९०२ मध्ये अपील न्यायालयात तो हरला. तरीही बाजारात टिकली ती त्याचीच पट्टी. १९०९ साली पॅरिसमध्ये भरलेल्या निर्मात्यांच्या परिषदेने ३५ मिलिमीटरच्या त्याच मापाला मान्यता दिली. श्रेष्ठ चित्र मागे पडले आणि सोयीचे माप रूढ झाले, असे आम्हांस वाटते. अर्थात त्या सोयीमुळेच एका देशातील रीळ दुसऱ्या देशातील यंत्रावर चालू शकले, हेही विसरता येत नाही.

पुढे बोलपट आला. ध्वनीची पट्टी छिद्रांच्या रांगेलगत बसवली गेली, चित्राची डावी कड तिने घेतली आणि चौकट जवळजवळ चौरस झाली. या संक्रमणातच, सप्टेंबर १९३० मध्ये, आयझेन्स्टाइनने हॉलिवुडच्या तंत्रज्ञांपुढे चौरस पडद्याची बाजू मांडली. आडव्या चौकटीने उभ्या आकृतींना हद्दपार केले, असा त्याचा आक्षेप होता. तंत्रज्ञांनी मात्र १९३२ मध्ये दोन चित्रांमधील काळी रेघ जाड केली, उंची कापली आणि १.३७:१ हे प्रमाण ठरवून जुन्या सवयीजवळ परत नेले.

१९५३ मध्ये दूरचित्रवाणीशी स्पर्धा करताना फॉक्सने सिनेमास्कोप आणला. आंरी क्रेतिएँच्या भिंगाने रुंद दृश्य दाबून फिल्मवर घ्यायचे आणि प्रक्षेपणात पुन्हा पसरायचे, अशी ही युक्ती. ध्वनीच्या चार चुंबकीय पट्ट्यांना जागा हवी होती, म्हणून छिद्रेच अरुंद केली. त्यांत जुन्या चाकांचे दाते बसत नसल्याने चित्रगृहांना चाकेही बदलावी लागली. प्रमाण झाले २.५५:१.

या रुंदीचा अर्थपूर्ण वापर पाहायचा तर गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ (१९५९) पाहावा. रिकाम्या स्टुडिओत दोन माणसे दूर उभी आहेत आणि व्ही. के. मूर्तींनी साधलेला प्रकाशाचा झोत वरून उतरतो आहे. त्या दोघांमधील अंतर हाच प्रसंगाचा आशय. हा चित्रपट ४:३च्या पडद्यात बसवण्यासाठी कडा कापल्या, की उरतो एक चेहरा आणि पार्श्वसंगीत.

मूकपटांवर याच्या उलट अन्याय झाला. छिद्रांपासून छिद्रांपर्यंत पसरलेले त्यांचे चित्र बोलपटाच्या झडपेतून दाखवले, की डावी कड जाते आणि वरच्या बाजूला माणसांची डोकी छाटली जातात. आजच्या १६:९च्या पडद्यावर ४:३चे चित्र ताणून किंवा कापून दाखवण्याचा प्रकार वर्गांतूनही चालतो. समास कापताना ओळींची टोके गेलेली पोथी पाठचिकित्सेसाठी आपण एकमेव आधार म्हणून स्वीकारणार नाही. चित्रपटाच्या प्रतीविषयी तोच प्रश्न विचारला जात नाही. पट्टी छिद्रांसह, कडेपर्यंत स्कॅन केलेली असेल तर उत्तर तिथेच दिसते: चित्र दोन्ही रांगांना भिडले असेल तर मूकपटाची चौकट, डावीकडे ध्वनीसाठी उभी पट्टी सोडलेली असेल तर बोलपटाची. आणि ती पट्टी चित्राच्याच अंगावर चढलेली दिसली, तर मूकपटाची कापलेली प्रत आपल्या हाती आली आहे.