जीपचे मडगार्ड

राजापेठेतून मेळघाटाकडे निघालेली नवी थार पाहिली की नजर आधी चाकांवरच्या काळ्या प्लास्टिकच्या कमानींवर जाते.

१९४१ च्या विलिस जीपला असलं काही नव्हतं. मडगार्ड म्हणजे सपाट पत्रा. सैनिक त्यावर बसत, नकाशे पसरत. मुंबईच्या महिंद्रांनी पुढे हीच जीप इथे जोडायला घेतली. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ साली बंद झाली, आपल्याकडे मात्र बनत राहिली. पोचा आला की पत्रा ठोकून सरळ!

२०२० च्या थारची कमान तुटली, की नवीच लावायची. मंडळी, तेव्हा घाई नको. वऱ्हाडची काळी माती अशा पट्ट्यांमागे साचते, ओल धरते, पत्रा आतून गंजतो. आधी धुवा, बघा, मगच झाका.

जुन्या जीपचा गंज निदान दिसायचा तरी!