जिमीची गिटार आणि आमचा स्टार्टर

अमेरिकेत १९५८ साली एल्व्हिस प्रेस्ले लष्करात गेला आणि तिकडच्या पोरींनी रडून आकांत मांडला. त्यावरून पुढं 'बाय बाय बर्डी' हे संगीत नाटक (१९६०) आणि सिनेमा (१९६३) निघाला. त्यात असाच एक गाणारा हीरो एका लहानशा गावात येतो आणि अख्ख्या गावाला खुळं करून सोडतो. आमच्या इंदापूर तालुक्यात हीरो कधी आला नाही. आमच्याकडं तंबू आला!

१९८४ची यात्रा. मिथुन चक्रवर्तीचा 'डिस्को डान्सर' १९८२चा; पण बारामतीच्या थेटरांत दमून मग तो आमच्या टुरिंग टॉकीजला यायचा. गंमत म्हणजे त्याच १९८४ साली तो सोव्हिएत रशियातही लागला आणि तिकडची पोरं वेडी झाली. म्हणजे बघा, मॉस्को आणि आमचं गाव एकाच रांगेत! शिवाय मिथुन शिकला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, जुन्या 'प्रभात'च्या जागेत. तेव्हा तो आमच्याच जिल्ह्याचा, असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं.

मी तेव्हा नववीत. केस कानावर, कपाळाला रुमाल. फक्त जिमीसारखे पांढरे बूट तेवढे नव्हते. त्यासाठी आजीला मस्का लावायचा म्हणून तिलाही तंबूत नेलं.

बप्पी लाहिरींच्या गाण्यांवर पोरं मातीत लोळली, चिल्लर उधळली. आजी तंबाखू मळत शांत बसलेली. पुढं तो प्रसंग आला. जिमीला मारायला दुष्टांनी गिटारमध्ये करंट सोडलेला; ते कळताच त्याची आई धावते, गिटारला हात घालते आणि जाते. पोरं हळहळली. आजी उठली आणि चालू लागली.

सकाळी मी उसाला पाणी द्यायला निघालो, तर ती विहिरीच्या वाटेत उभी.

"त्या पेटीला हात लावू नगंस."

"आजी, अगं शिनेमा होता तो!"

"तुझा थोरला चुलता काय शिनेमात गेला व्हय?"

मी गप्प झालो. चुलते रात्रीच्या लायटीला मोटार चालू करायला गेले होते. ओली जमीन, अनवाणी पाय, स्टार्टरलाच चिकटले. मी तेव्हा पाळण्यात होतो. घरात ते नाव कुणी काढत नसे.

आजी थोड्या वेळानं म्हणाली, "त्या बाईचं नशीब थोर. पोराच्या आधी तिला हात लावाया मिळाला."

त्या आठवड्यात ती इंदापूरच्या बाजाराला गेली आणि पदराच्या गाठीतले पैसे मोडून माझ्यासाठी बूट घेऊन आली. पांढरे नव्हते. काळे, रबरी, गुडघ्याएवढे गमबूट!

"हे घालून कर चालू तुझी मोटार."

गणपतीत मी तेच घालून नाचलो. सगळी आळी हसत होती. आजी तेवढी माझ्या पायांकडं बघत समाधानानं तंबाखू मळत बसली होती.