हवापालटाचं दावोस

जानेवारीत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री दावोसला गेले की आपल्याकडे गुंतवणुकीच्या करारांचे आकडे झळकू लागतात. हा मुक्काम जेमतेम चार-पाच दिवसांचा. दीडशे वर्षांपूर्वी तिथे जाणारा पाहुणा मात्र महिन्यांच्या हिशेबाने सामान बांधायचा, आणि परत येईलच याची शाश्वती नसायची.

त्याला खोकला असायचा.

समुद्रसपाटीपासून सुमारे १,५६० मीटर उंचीवरचं हे स्विस खोरं तेव्हा गुराढोरांचं होतं. १८५३ साली अलेक्झांडर श्पेंगलर हा जर्मन डॉक्टर तिथे आला, तोही पळून. १८४९चा उठाव फसल्याने मायदेशाची दारं बंद झाली होती. गावात क्षयाचे रोगी जवळपास नाहीत, आणि बाहेरून रोग घेऊन परतलेले गावकरी इथे सुधारतात, हे त्याच्या लक्षात आलं. फेब्रुवारी १८६५मध्ये उंगर आणि रिश्टर हे दोन जर्मन रुग्ण ऐन बर्फात दाखल झाले. क्षयरोग्याने उबदार दक्षिणेला जायचं, ही तेव्हाची रीत. हे दोघे उलट्या दिशेने आले आणि बरे झाले. मग रांग लागली.

विलेम यान होल्सबूर हा डच गृहस्थ आजारी पत्नीला घेऊन आला. ती वाचली नाही, पण तो तिथेच राहिला. श्पेंगलरबरोबर त्याने आरोग्यधाम काढलं आणि १८९०मध्ये आगगाडीही दावोसला आणली.

नव्या पाहुण्याला शिकायचं काय, तर पडून राहणं. घोंगड्यांत गुरफटून, भर थंडीतसुद्धा, गच्चीतल्या आरामखुर्चीवर तासन् तास. खिशात निळ्या काचेची झाकणाची पीकदाणी. रोग्यांनी तिला ‘निळा हाइनरिख’ असं लाडकं नाव दिलं होतं! १९१२मध्ये थॉमस मान आजारी पत्नीला भेटायला तीन आठवड्यांसाठी गेला, तर डॉक्टरांनी त्यालाच ठेवून घ्यायचा बेत केला. तो निसटला, आणि तीन आठवड्यांसाठी येऊन सात वर्षं अडकलेल्या तरुणाची कादंबरी १९२४मध्ये छापून आली.

इतक्या रिकाम्या वेळाचं करायचं काय? रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने दोन हिवाळे तिथे काढले आणि ‘ट्रेझर आयलंड’ पुरी केली. बाकीचे घसरगाड्यांवर बसले. रोगी नव्हे, तर रोग्यांबरोबर आलेली धडधाकट माणसं जास्त कंटाळत, आणि माझ्या मते दावोसच्या खेळांचं श्रेय या कंटाळ्याला द्यायला हवं.

आर्थर कॉनन डॉयल त्यांतलाच. पत्नी लुईझा क्षयाने आजारी, म्हणून तो १८९३मध्ये आला. गावातल्या ब्रांगर बंधूंनी नॉर्वेहून स्की मागवल्या होत्या. लोक हसतील म्हणून ते अंधार पडल्यावर सराव करत. मार्च १८९४मध्ये दोघांनी डॉयलला घेऊन माइनफेल्डर फुर्का ही खिंड ओलांडून आरोसा गाठलं. एका उभ्या उतारावर स्कीवर उभं राहण्याची सोय नव्हती, तेव्हा डॉयल सरळ बुडावर बसून घसरला. ट्वीडची विजार कामातून गेली. आरोसाच्या हॉटेलात वहीत नोंद करताना टोबियास ब्रांगरने डॉयलच्या व्यवसायापुढे लिहिलं, ‘श्पोर्टेसमान’. शेरलॉक होम्सच्या जनकाला ही पदवी बेहद्द आवडली. लवकरच शेकडो इंग्रज स्कीसाठी स्वित्झर्लंडला येतील, असं त्याने ‘स्ट्रँड’ मासिकात लिहून टाकलं.

ते आलेच. १९३४मध्ये बोल्गेनच्या उतारावर, स्कीवर उभ्या माणसाला दोरीला जोडलेल्या दांड्याने वर ओढणारी लिफ्ट सुरू झाली. पुढे क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आलं आणि हवापालटाची गरजच संपली. शात्सआल्पसारखी आरोग्यधामं हॉटेलं झाली. डॉक्टर मात्र गावातून हलले नाहीत. एओ या स्विस शल्यविशारदांच्या गटाने १९५९मध्ये दावोसलाच प्रयोगशाळा उघडली. तिचा विषय होता मोडलेली हाडं, आणि स्कीच्या गावात त्यांचा तुटवडा नव्हता.