उतारावरील बांध्या आणि वहिवाटीचे पाणी

बालाघाटच्या मुलुखात सातपुड्याच्या उतरणीवर भाताच्या बांध्या एकीखाली एक अशा पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या दिसतात. त्यांच्या माथ्यावर पुष्कळदा एखादी बोडी वा तलाव असतो. पावसाचे पाणी मातीच्या पाळीने अडवावयाचे, पाटाने वरच्या बांधीत घ्यावयाचे व तेथून खालच्या बांधीस सोडावयाचे, अशी ही योजना. वैनगंगेच्या खोऱ्यात पोवार, कोहळी आदी कृषिकुशल समाजांनी ती वाढीस लावली.

आम्हांस येथे कायद्याचा प्रश्न दिसतो. वरच्याने पाणी अडवून धरले, तर खालच्याचे पीक जाते. म्हणून पाण्याचा क्रम वहिवाटीने ठरे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ साली बहुतेक तलाव शासनाच्या स्वाधीन झाले. हे न्याय्यच झाले. परंतु पाळ राखण्याचे जे कर्तव्य मालकीशी जडलेले होते, त्यास अनेक गावी वारस उरला नाही.

मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ हिच्या कलम २४२ प्रमाणे सिंचनाची गावची वहिवाट ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये नोंदविली जाते. आमचे म्हणणे इतकेच की, त्या नोंदीशेजारी पाळीची डागडुजी कोणी करावी, हेही लिहिले जावे. हक्क नोंदला आणि कर्तव्य विसरले, तर पाळ खचल्यावर त्या कागदाने एकही बांधी भिजणार नाही.