दोरा, गोळी आणि हिंगणघाटची कबर

मागच्या मासिक बैठकीत आमच्या बचत गटात कर्जावरून चांगलीच चर्चा झाली. एका ताईला लेकीच्या बी.एस्सी.च्या फीसाठी पैसे हवे होते. दुसरी म्हणाली, "नागपूरच्या कॉलेजात पोरगी दोऱ्याला गोळी बांधून हलवते म्हणे. त्याला एवढी फी?" मग आम्ही पोरीलाच बोलावलं.

तिनं मीटरभर दोऱ्याला जड गोळी बांधून चौकटीला टांगली आणि हलकेच सोडली. जाऊन-येऊन एक झोका. असे वीस झोके मोजले, मोबाइलवर चाळीस सेकंद झाले. झोका जरा मोठा दिला तरी वेळ तोच. दोरा पाव मीटरचा केला, तेव्हा वेळ निम्मा! या लांबीवरून आणि वेळेवरून पृथ्वीची ओढ काढतात. पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सुमारे 9.8 मीटर प्रतिसेकंदानं वाढतो, तो आकडा इथूनच मिळतो.

ही ओढ सगळीकडे सारखी नसते. 1672 साली पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला नेलेलं लंबकाचं घड्याळ रोज अडीच मिनिटं मागं पडू लागलं. विषुववृत्ताजवळ ओढ कमी, म्हणून लंबक सावकाश झुलतो.

आपल्या देशाची मोठी मोजणी विल्यम लॅम्बटन यांनी 1802 मध्ये मद्रासकडून सुरू केली. नागपूरकडे येताना 20 जानेवारी 1823 रोजी ते हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथंच आहे. पुढं 1865 पासून याच मोजणीच्या कामात कॅप्टन बसेव्ही यांनी गावोगाव लंबक नेऊन ओढ मोजली. 1871 मध्ये लडाखच्या उंच, थंड मुलखात हेच काम करताना त्यांनी जीव गमावला. हिमालयाकडं ओढ अपेक्षेपेक्षा कमी भरली. म्हणजे डोंगराच्या पोटाखालचा थर हलका असावा, असं शास्त्रज्ञांना कळलं. या साहेबांची अवजारं वाहणारे, निशाण धरून उन्हात उभे राहणारे खलाशी आपलेच लोक होते. त्यांच्याशिवाय एक मैलही मोजला गेला नसता.

नागपूरचा झिरो माईलचा दगड आपण बसमधून कितीदा पाहिला! तोही याच मोजणी खात्याचा. समुद्रसपाटीपासून त्याची उंची 1020.171 फूट.

"तुझा आकडा बरोबर आला का?" आम्ही पोरीला विचारलं. ती हसली. "पहिल्यांदा 9.6 आला. मी दोरा गाठीपर्यंतच मोजला होता, गोळीच्या मध्यापर्यंत मोजायचा असतो. दीड-दोन सेंटिमीटरची चूक. सगळं पुन्हा केलं."

आमच्या वहीत दहा रुपयांचा फरक आला, तर आम्हीही सगळे हप्ते पुन्हा मोजतो. बोट ठेवून चूक शोधणं म्हणजे काय, हे आम्हाला कोणी समजवायला नको. विरोध करणारी ताईच म्हणाली, "लिहा ठराव."

कर्ज मंजूर झालं. मैत्रिणींनो, एक दोरा घ्या आणि घरी लेकीसोबत मोजून बघा. दोरा मात्र गोळीच्या मध्यापर्यंत मोजा!