उष्णतेचा कारभार

पुण्याकडच्या जुन्या घरांतून पौषातल्या सकाळी एक लहानसा विधी नित्य घडत असे. कोनाड्यातल्या बाटलीतले खोबरेल तेल रात्रीच्या थंडीने थिजून पांढरे पडलेले असे आणि घरातली एखादी वडीलधारी बाई ती बाटली बंबातल्या ऊन पाण्याच्या तपेलीत उभी करून ठेवी. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठते, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. पण पाणी किती ऊन असावे, ते फार कढत असले तर काच कशी तडकते, आणि तेल पातळ झाल्यावर बाटली केव्हा उचलावी, ह्या तिन्ही गोष्टींचा निर्णय तिचे बोट करीत असे. ऊब बंबाची, परंतु हुकूम बोटाचा. नळांतून वाहणारे द्रव थिजू नयेत म्हणून त्यांना जी विजेची ऊब देण्यात येते, तिच्या नियमनाचा इतिहास म्हणजे हा हुकूम त्या बोटाकडून पुढे कोणाकोणाच्या हाती गेला, त्याची हकिकत आहे.

ह्या विषयाशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी मूळ व्यवहार सांगणे अवश्य आहे. कारखान्यांतून फर्नेस ऑइल, डांबर, वितळलेले गंधक, मेण, चॉकलेट अशा नाना वस्तू नळांतून फिरतात, आणि थंड प्रदेशांत साधे पाणीही ह्या यादीत येऊन बसते. नळाभोवती उष्णतारोधक वेष्टनाचे, कारखान्याच्या बोलीत लॅगिंगचे, कितीही जाड पांघरूण घातले तरी ते उष्णतेची गळती मंद करते, बंद करीत नाही. ही तूट भरून काढण्यासाठी नळाच्या अंगालगत, वेष्टनाच्या आतून, एक तापणारी तार नेतात. ह्या योजनेला हीट ट्रेसिंग असे नाव आहे. द्रवाला तापविणे हा तिचा हेतू क्वचितच असतो. वाटेत जेवढे हरवले तेवढे परत करावे, त्याहून कमी नको आणि अधिक तर मुळीच नको, असा तो जमाखर्चाचा मामला आहे.

उष्णता निर्माण करण्याची विद्या आधी आणि ती आवरण्याची विद्या मागाहून आली असावी, असे आपण सहज धरून चालतो. विजेच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा लागला. तारेत उत्पन्न होणारी उष्णता विद्युत्प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम जेम्स जूल ह्याने 1840-41 च्या सुमारास मांडला. लाल होईतो तापूनही न जळणारी निकेल-क्रोमियमची मिश्रधातू अल्बर्ट मार्श ह्या अमेरिकन गृहस्थाच्या नावे 1906 साली पेटंट झाली. आणि जिने ह्या तापलेल्या तारांवर पुढे अंमल चालवावयाचा, ती स्वयंनियमनाची कल्पना मात्र इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाच्या आश्रयाला राहिलेल्या कोर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच कारागिराने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच सिद्ध करून दाखविली होती. हा ड्रेबेल 1572 साली आल्कमार येथे जन्मला. पाण्याखालून चालणारी नाव थेम्स नदीत चालवून त्याने लंडनकरांना थक्क केले, आणि लोक त्याला अर्धा विद्वान व अर्धा जादूगार समजत. कोंबडीच्या अंड्यांना ऊब देण्यासाठी त्याने जी भट्टी रचली तिच्यात मद्यार्काने भरलेले एक पात्र आणि त्याला जोडलेली पाऱ्याची वाकडी नळी होती. भट्टी तापली की मद्यार्क फुगे, पारा वर सरके, पाऱ्यावर तरंगणारी दांडी उचलली जाई आणि तिच्या टोकाशी जोडलेले झाकण धुराड्यातली वाट आकसून विस्तवाचा दम कोंडी. भट्टी निवली की हेच सारे उलट घडे. येथे प्रथमच विस्तवाला स्वतःच्या तापाची दखल घेणे भाग पडले. ड्रेबेलचे उत्तरायुष्य लंडनमध्ये एक पिठा चालविण्यात गेले, आणि 1633 साली तो वारला.

अंड्यांची ही परंपरा हास्यास्पद वाटली तरी तिचे आपल्या विषयाशी नाते निकटचे आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये बॉनमँ नावाच्या यंत्रज्ञाने बाजारासाठी पिले उबविण्याचा उद्योग चालविला, आणि त्यासाठी ऊन पाणी नळ्यांतून खेळवून त्या पाण्याच्या उष्णतामानाचा बंदोबस्त एका शिशाच्या नळीवर व तिच्या आत ठेवलेल्या लोखंडी कांबीवर सोपविला. शिसे लोखंडापेक्षा अधिक पसरते; दोहोंच्या पसरण्यातली जी तफावत, तीच भट्टीची हवा कमीजास्त करी. हीच युक्ती वेगळ्या पेशात जॉन हॅरिसनने वापरली. सागरी घड्याळाच्या ज्या तिसऱ्या नमुन्यावर त्याने आयुष्याची 19 वर्षे खर्ची घातली, त्यात पितळ आणि पोलाद ह्यांच्या पट्ट्या पाठीस पाठ लावून जडविलेल्या होत्या. उष्णतेने पितळ अधिक लांबले की जोडपट्टी पोलादाकडे वाकते. हॅरिसनला त्यातून काळ अचूक मोजावयाचा होता. 1830 साली अँड्र्यू यूर ह्या स्कॉटिश रसायनज्ञाने अशाच वाकणाऱ्या पट्टीचा उपयोग उष्णतामान राखण्यासाठी करून पेटंट घेतले आणि तिला थर्मोस्टॅट हे ग्रीक मुळाचे नाव दिले. आज इस्त्रीपासून गीझरापर्यंत जे टक्‌ टक्‌ ऐकू येते, ते ह्या पट्टीचेच बोलणे होय.

ह्या वंशावळीत मला सर्वांत मनोरंजक वाटतो तो वॉरन जॉन्सन हा शाळामास्तर. अमेरिकेतील विस्कॉन्सिन संस्थानात व्हाइटवॉटर येथील अध्यापक-विद्यालयात तो शिकवीत असे. हिवाळ्यात दर थोड्या वेळाने शाळेचा शिपाई वर्गात शिरे, तापमापक पाही, आणि तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा त्या मानाने उघडी अथवा लावी. व्याख्यानात वारंवार पडणारा हा व्यत्यय मास्तरांना असह्य झाला. 1883 साली त्याने जे विद्युत् उपकरण पेटंट केले ते झडपेला हात लावीत नव्हते. वर्गातले उष्णतामान ठरलेल्या मर्यादेस पोहोचले की तळघरात घंटा वाजे, आणि बाकीचे काम पूर्ववत शिपायाकडेच राही. निर्णय यंत्राने घ्यावा आणि बजावणी माणसाने करावी, अशी ही विभागणी होती. पुढे 1885 साली त्याने मिलवॉकी येथे आपली कंपनी स्थापन केली आणि शिपायाचीही गरज हळूहळू उरली नाही.

नळांचा संसार इतके दिवस वाफेच्या हाती होता. तेलाच्या नळाशेजारून वाफेची बारीक नळी न्यावयाची, ही वहिवाट जुनी, आणि तिच्यात एक गुण असा होता की ज्याची किंमत लोकांना वीज आल्यावरच कळली. वाफ एका ठरावीक दाबाला एका ठरावीक उष्णतामानालाच निवते. साध्या हवेच्या दाबाला 100 अंश, दाब चढेल तसे अधिक. परंतु त्या मर्यादेपलीकडे नळ तापविण्याचे सामर्थ्यच तिच्यात नसते. वाफ गळकी, उधळी, जागोजाग सांडणारी खरी, पण मर्यादशील. विजेच्या तारेला अशी उपजत मर्यादा नाही. दर मीटरला जितके वॅट तिच्यात ओतावेत तितके ती बाहेर टाकते, आणि ते बाहेर जाण्याची वाट कोंडलेली असली तर ती तापत जाते, इतकी की वेष्टन जळावे, द्रव करपावा किंवा ज्वालाग्राही वायूच्या सान्निध्यात त्याहून भयंकर काही घडावे. म्हणून वाफेच्या पद्धतीत नियमन ही सोय होती. विजेच्या पद्धतीत ती जामीनकी झाली.

विजेने नळ तापविण्यास प्रारंभ 1930 नंतरच्या दशकात झाला, परंतु त्या कामासाठी म्हणून घडविलेली सामग्री तेव्हा नव्हती. धातूच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून तिच्यात तार बसविण्याची युक्ती एका स्विस संशोधकाने 1896 सालीच पेटंट केलेली होती. असल्या केबली मुळात वीज वाहून नेण्यासाठी होत्या, त्यांच्यातून जास्त प्रवाह सोडून उष्णता काढावयाची आणि नियमनासाठी दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राचा थर्मोस्टॅट उसना आणावयाचा, असा तो उसनवारीचा काळ होता. खास तापविण्यासाठी केलेल्या केबली 1950 नंतर आल्या.

उसन्या थर्मोस्टॅटांत कॅपिलरीचा प्रकार दीर्घकाळ टिकला: द्रवाने भरलेला एक धातूचा बल्ब, त्यातून निघालेली केसासारखी नळी, आणि तिच्या टोकाशी कॉन्टॅक्टरला, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या खटक्याला, हुकूम देणारी पेटी. ड्रेबेलचा मद्यार्क येथे तीनशे वर्षांनी पुन्हा कामावर रुजू झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. परंतु उपकरणापेक्षा प्रश्न होता तो त्याच्या जागेचा. उष्णतेची हालहवाल विचारावयाची ती कोणाला? एक मार्ग असा की बल्ब उघड्या हवेत टांगावा. हवा ठरावीक अंशाखाली उतरली की सगळ्या नळांची वीज सुरू आणि वर चढली की सगळ्यांची बंद. पाणी गोठू न देणे एवढाच हेतू असेल तर हा ढोबळ अंमल पुरतो, एकाच बल्बाच्या साक्षीवर शेकडो नळ चालतात, परंतु हवा एका अंशाने कमी असो की 20 अंशांनी, तारेला त्याचे सोयरसुतक नसते. दुसरा मार्ग असा की बल्ब प्रत्येक नळाच्या अंगाला, तारेपासून शक्य तितका दूर, वेष्टनाच्या आत बांधावा. हा न्याय्य खरा, पण खर्चीक. शिवाय ज्या नळातून ऊन तेल वाहते आहे त्याला तार नको असते आणि त्याच्याच फांदीत जे तेल निपचित पडले आहे त्याला ती हवी असते, म्हणून वाहत्या व थांबलेल्या नळांचे फाटे वेगळे करावे लागतात. बल्ब नळाच्या आधाराशी किंवा फ्लँजपाशी, जेथून उष्णता झपाट्याने निसटते, बांधला तर तो नेहमी थंडीचीच तक्रार करील आणि बाकीचा नळ विनाकारण भाजला जाईल. बल्ब सुटून लॅगिंगबाहेर लोंबू लागला तर तार अखंड पेटलेली राहील. चौकीदार योग्य जागी बसला आहे की नाही, ह्यावर सगळ्या चौकीची अब्रू अवलंबून असते.

नियमनाची खरी कसोटी गंधकाने घेतली. तेलशुद्धीच्या कारखान्यांत निघणारे गंधक साधारण 119 अंशांना वितळते. त्याखाली उतरले तर नळात दगड होतो. परंतु त्याला अधिक तापवून निर्धास्त राहण्याची मुभा निसर्गाने ठेवलेली नाही, कारण 160 अंशांच्या सुमारास गंधकाच्या अणूंची कडी तुटून त्यांच्या लांब साखळ्या बनतात आणि पाण्यासारखा वाहणारा तो पदार्थ एकाएकी काकवीहूनही दाट होतो. खाली गोठणे, वर घट्ट होणे, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात तेवढे वाहणे! खोबरेलाच्या बाबतीत आजीचे बोट चुकले तर काच तडकत असे. येथे चूक झाली तर अख्खा नळच तोडून काढावा लागतो.

1971 साली बाजारात आलेल्या केबलीने हुकुमाची जागाच बदलली. कॅलिफोर्नियातील रेकेम कंपनी, जी पॉल कुक ह्याने 1957 साली स्थापन केली होती, प्लॅस्टिकवर किरणांचा मारा करून त्याचे गुणधर्म पालटण्याच्या विद्येत प्रवीण होती. तिने दोन समांतर तांब्याच्या तारांच्या मध्ये कार्बनची पूड मिसळलेले प्लॅस्टिक भरले. थंड असताना कार्बनचे कण एकमेकांस भिडलेले राहतात आणि वीज एका तारेतून दुसरीत सहज जाते. प्लॅस्टिक तापून फुगले की कण दुरावतात, वाटा तुटतात, आणि उष्णता आपोआप मंदावते. हे प्रत्येक बोटभर लांबीत स्वतंत्रपणे घडते, म्हणून नळाचा जो भाग सावलीत आहे तेथे केबल अधिक तापते आणि जो उन्हात आहे तेथे गप्प बसते. हव्या त्या लांबीवर कापली तरी तिचे बिघडत नाही. अक्कल यंत्रातून काढून पदार्थातच मुरवावी, ही कल्पना मला ह्या सबंध इतिहासातली सर्वांत देखणी वाटते. परंतु तिच्या भाटांनी थर्मोस्टॅटाला जी सुट्टी देऊन टाकली, ती घाईची होती. ही केबल स्वतःला जळू देत नाही एवढेच. नळाला किती ऊब हवी हे तिला ठाऊक नसते, थंडगार अवस्थेत सुरू करताना ती क्षणभर मोठा प्रवाह ओढते, आणि वीज खाणे ती कमी करते, सोडत नाही. म्हणून तिच्या डोक्यावर पुन्हा एक नियामक बसवावाच लागला. आता तो बहुधा प्लॅटिनमचा असतो. प्लॅटिनमची तार 0 अंशांस 100 ओहम आणि 100 अंशांस 138.5 ओहम रोध दाखविते. ही तापमापनाची रीत सीमेन्स ह्या संशोधकाने 1871 साली सुचविली आणि कॅलेंडर ह्या दुसऱ्या संशोधकाने केंब्रिजला 1887 च्या सुमारास भरवशाची केली. 1990 नंतर ह्या प्लॅटिनमच्या साक्षी संगणकाच्या दप्तरात जमा होऊ लागल्या, आणि हवेतला एक बल्ब शेकडो नळ चालवीत असला तरी थंडीच्या मानाने किती काळ वीज द्यावी व किती काळ तोडावी, ह्याचा हिशेब संगणक मांडू लागला.

लांब पल्ल्याच्या नळांना मात्र ह्यांपैकी काहीच पुरत नाही, कारण दर काही शेकडा मीटरांवर वीज पुरविणे तेथे अशक्य असते. त्यावरचा उपाय जपानमध्ये चिस्सो कंपनीत मासाओ आंदो ह्याने काढला. मिनामाटाच्या उपसागरात पारा सोडून ज्या कंपनीने कुप्रसिद्धी मिळविली तीच ही, हा योगायोग विसरता येत नाही. प्रत्यावर्ती प्रवाह वाहकाच्या कातडीलगत वाहतो, ही गोष्ट लँब आणि हेविसाइड ह्यांनी 1883-85 च्या सुमारास गणिताने दाखविलेली होती. आंदोने मुख्य नळाला पोलादाची बारीक नळी डागली, तिच्यातून एक केबल नेऊन पलीकडच्या टोकाला नळीशीच जोडली. परतणारा प्रवाह नळीच्या आतल्या अंगाने, जेमतेम एका मिलिमीटरच्या थरातून, येतो आणि तेथेच उष्णता सोडतो. बाहेरून नळीला हात लावला तर विजेचा मागमूस नसतो.

ह्या पद्धतीचा सर्वांत भव्य प्रयोग आपल्याच देशात, आणि तोही वाळवंटात झाला. राजस्थानात बाडमेरजवळ मंगला येथे जानेवारी 2004 मध्ये तेल सापडले, आणि 29 ऑगस्ट 2009 रोजी उत्पादन सुरू झाले. ते तेल इतके मेणट की उन्हाळ्यातल्या पुष्कळ दिवशीही ते भांड्यात घट्ट बसावे. नळातून ते वाहावे म्हणून त्याला सतत 65 अंशांच्या वर ठेवावे लागते. ज्या मुलखात माणसे सावलीचा तुकडा शोधीत फिरतात, त्या मुलखाच्या जमिनीखालून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे 670 किलोमीटर लांबीचा, 24 इंच व्यासाचा नळ सबंध वाटेवर तापवीत न्यावा लागला. तापविलेल्या नळांत जगात ह्याच्याइतका लांब दुसरा नाही असे सांगतात. वाटेत सुमारे दर 20 किलोमीटरला एक ठाणे आहे. तेथे वीज बाहेरून आणलेली नाही. तेलाच्या नळाशेजारून 8 इंचांचा दुसरा एक नळ त्याच क्षेत्रातला वायू घेऊन चालतो, प्रत्येक ठाण्यावर त्या वायूतला थोडा जाळून वीज होते, आणि ती वीज पोलादाच्या त्या बारीक नळीत शिरून शेजारच्या तेलाला थिजू देत नाही.