अफनासी निकितीनने पाहिलेले बीदर

वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्याच्याही पाव शतकाहून अधिक आधी एक रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरून थेट बहामनी राजधानीपर्यंत गेला होता, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. अफनासी निकितीन हे त्याचे नाव आणि व्होल्गाकाठचे त्वेर हे त्याचे नगर. तो हिंदुस्थानात १४६९ मध्ये आला असे जुने अभ्यासक मानीत. अलीकडचे संशोधक १४७१ हे साल धरतात.

अस्त्राखानजवळ तातारांनी लुटल्यामुळे रिक्त हस्ताने घरी परतणे त्याला शक्य नव्हते. इराणमार्गे तो होर्मुझला आला आणि एक घोडा घेऊन जहाजात चढला. दख्खनच्या घोडदळाला चांगले घोडे समुद्रापलीकडूनच आणावे लागत, हे त्या व्यापाराचे मर्म होते. पण जुन्नरला तोच घोडा त्याच्या गळ्याशी आला. तेथील अधिकारी असदखान याने घोडा हिरावून घेतला. धर्मांतर केल्यास घोडा आणि वर हजार सुवर्णनाणी, न केल्यास घोडाही जाणार आणि तितकाच दंडही पडणार, असे बजावून चार दिवसांची मुदत दिली. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली म्हणून तो सुटला. चार महिने अहोरात्र पाऊस आणि चिखल पाहून त्या उत्तरेकडच्या माणसाने आपल्या पावसाळ्याला 'हिवाळा' म्हटले आहे!

असा पोळलेला मनुष्य बीदरच्या वेशीत शिरला, तेव्हा त्याच्या दृष्टीस प्रथम पडली ती गर्दी आणि तिच्यातील विषमता. सरदार रुपेरी पालख्यांतून मिरवीत. पुढे सोन्याच्या साजाचे घोडे, मागे शेकडो स्वार आणि प्यादे, शिवाय कर्णे व नगारे वाजविणारे. खेड्यातील प्रजा मात्र अत्यंत दरिद्री. ही दोन्ही चित्रे त्याने एकाच दमात नोंदविली आहेत. सुलतान तिसरा मुहम्मदशहा विशीतला तरुण होता आणि सत्ता खुरासानी उमरावांच्या हाती होती, हेही त्याने हेरले. त्यांत अग्रणी होता महमूद गवान. त्याला तो 'मलिक-उत्-तुज्जार' या पदवीने ओळखतो.

राजवाड्याला सात दरवाजे होते. प्रत्येक दरवाजावर शंभर पहारेकरी आणि शंभर हिंदू कारकून बसत. आत कोण गेला, बाहेर कोण आला, याची ते नोंद ठेवीत. परक्याला आत मज्जाव होता. नक्षीकामाचे आणि सोन्याच्या मुलाम्याचे कौतुक करणाऱ्या या प्रवाशाला दाराशी बसलेले कारकूनही तितकेच स्मरणीय वाटले, यात त्याच्या नजरेचा सच्चेपणा दिसतो.

व्यापारी म्हणून मात्र त्याची निराशा झाली. मिरी आणि रंग स्वस्त होते. पण रशियाला नेण्याजोगा माल नव्हता, जकात जबर होती आणि समुद्रावर चाच्यांचे भय होते. त्याहून मोठे दुःख अंतरीचे होते. धर्मग्रंथ लुटीत गेल्याने ईस्टर कधी येतो, हे त्याला उमगेना; मग तो अंदाजाने उपवास करी. आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत, असे त्याने बीदरच्या हिंदूंना सांगितले, तेव्हा त्यांनी त्याच्यापासून काही लपविले नाही. त्यांच्याच सोबतीने तो श्रीशैलाच्या यात्रेलाही गेला.

परतताना स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याला मृत्यूने गाठले. त्वेरचे दर्शन पुन्हा घडले नाही. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोस पोहोचविल्या आणि १४७५ च्या नोंदीखाली त्या रशियन बखरीत समाविष्ट झाल्या. इकडे १४८१ साली त्याच सुलतानाने गवानचा शिरच्छेद करविला आणि पुढे बहामनी राज्याची शकले झाली. दरवाजांवरील त्या कारकुनांची दफ्तरे कोठे गेली, कोण जाणे. बाहेर थांबविलेल्या परदेशी माणसाची वही मात्र राहिली.